'हुशारी वाटणे' : हा शब्द आला कुठून? (डोक्यातली नव्हे, अंगातली हुशारी)

ताकभात

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय तसा छोटा आहे पण डोक्यातून जात नाहीये.

गेल्या महिन्यात नवऱ्याला डेंग्यू झाला. पाच दिवस अ‍ॅडमिट, मग घरी. ताप गेला पण माणूस पार गळून गेलेला, बाथरूमपर्यंत जाऊन आला तरी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं नुसता बसून राहायचा, मोबाइलसुद्धा हातात घेत नव्हता म्हणजे बघा. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या वाईच्या. त्या रोज कडीच्या डब्यातून मुगाचं कढण आणायच्या, वर तूपजिऱ्याची फोडणी, आणि याने शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय रे, आता वाटतेय का जरा हुशारी?"

माझी लेक आठवीत आहे. ती पटकन म्हणाली, "आजी, बाबा आधीपासूनच हुशार आहेत." आजी इतक्या हसल्या की कवळी सावरावी लागली. नवरापण हसला, आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

मग लेकीला समजावायला गेले आणि माझीच पंचाईत झाली. हुशारी वाटणं म्हणजे बरं वाटणं असं सांगितलं पण ते पुरं पडत नाही ना. बरं वाटणं वेगळं, ताप उतरला की बरं वाटतं. हुशारी त्याच्या नंतर येते. गेलेली ताकद अंगात परत येतेय हे आतून कळायला लागतं, उठून बसावंसं वाटतं, कोणी चहा दिला तर यात साखर कमी आहे अशी कटकट करावीशी वाटते, ती हुशारी. (नवऱ्याने सहाव्या दिवशी साखरेची कटकट केली, तेव्हा मी देवाला नमस्कार केला.)

पण अक्कल आणि ताकद या दोन गोष्टींना एकच शब्द कसा काय? मला वाटायचं 'हुश्श करणे' मधलं ते हुश्श असावं, दमल्यावर टेकलं की हुश्श, त्यावरून हुशारी. बरोबर आहे का? तुमच्याकडे म्हणतात का असं?

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे नाही ऐकलं बा. आजारी माणसाला 'बरं वाटून रायलं का आता' एवढंच. हुशार म्हणजे शाळेतलं पोट्टं हुशार, संपलं. हे पुण्या-साताऱ्याकडचं दिसते.

रंकाळ्यावरचा_वारा

फक्त पुण्याचं नाही ओ. आमची आई कोल्हापूरची, तिची सकाळ 'च्या घेतल्याबिगर हुशारी येत न्हाई' या वाक्यानेच सुरू व्हायची. आजारपण वगैरे काही नाही, रोजचंच.

वायच_थांब

मालवणात पण आसा. ताप इलो की आजी उकड्या तांदळाची पेज करायची, मीठ घालून, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा नुसतं लोणचं. तोंडाला चव नसायची, मी तोंड फिरवायचो, मग तिचं ठरलेलं वाक्य, 'वायच पेज घे रे, हुशारी येतली'. आणि खरंच यायची. आता मुंबईत कुकरमध्ये पेज करून बघितली, पेज होते पण हुशारी काय येत नाही 😀

जुनी_वही

ताकभात, धागा आवडला. हुश्श मात्र सोडून द्या, त्याचा संबंध नाही. ते नुसतं श्वास सोडल्याचा आवाज आहे.

हुशार हा शब्द सरळ फारसीतून आलाय. मूळ रूप होशियार किंवा होश्यार. होश म्हणजे शुद्ध, भान. 'यार' हा मागे लागलेला तुकडा, साथ असलेला अशा अर्थाचा. बख्तियार हे नाव ऐकलं असेल, बख्त म्हणजे नशीब, नशीब ज्याच्या साथीला आहे तो बख्तियार. तसं होश ज्याच्या साथीला आहे, जो शुद्धीवर आहे तो होश्यार. मराठीत आल्यावर 'ओ'चा 'उ' झाला आणि मधला 'य' बोलता बोलता गळला, तरी पूर्ण गेला नाही, अजून कितीतरी लोक 'लई हुश्यार हाय' असं म्हणतातच, त्यांना आपण अशुद्ध बोलता म्हणून हसतो पण मूळ रूपाच्या जवळ तेच आहेत.

आता अर्थाकडे बघा. मूळ अर्थात अक्कल पुढे नाही. शुद्धीवर असणं, जागं असणं हे आधी आहे. फारसी कवितेत होश्यारच्या विरुद्ध शब्द 'मूर्ख' नसतो, 'मस्त' असतो. मस्त म्हणजे नशेत असलेला. तर जो नशेत नाही, ज्याचं भान जाग्यावर आहे तो हुशार. इथून वाटा फुटल्या. पहारेकऱ्याला हुशार म्हटलं तर त्याचा अर्थ सावध, जुन्या पत्रव्यवहारात 'हुशार असावे' म्हणजे सावध असावे, त्यात बुद्धीचा प्रश्न नाही. विद्यार्थ्याला म्हटलं तर ज्याचं लक्ष जागं आहे, पटकन कळतं, आणि तिथून पुढे बुद्धिमान. आणि आजाऱ्याला म्हटलं तर ज्याची ग्लानी गेली, भान आणि त्राण परत आलं तो.

म्हणजे ताकभात, तुमच्या वरच्या आजी मूळ अर्थाला धरून बोलल्या. लेकीचा अर्थ हा दुसरा फाटा.

आणखी एक, आपल्याकडचाच 'सावध' शब्द बघा. स-अवधान, लक्ष असलेला. 'सावध राहा' म्हणजे काळजी घे, आणि 'मूर्च्छेतून सावध झाला' म्हणजे शुद्धीवर आला. तोच जोडीचा अर्थ, संस्कृताच्या वाटेने आलेला. त्यामुळे हुशारचे दोन अर्थ मराठी माणसाला कधी खटकले नसावेत, सावधाच्या शेजारी तो सहज बसला.

निवांत_बसलोय

म्हणजे रात्री बसलेला माणूस सकाळी उतरल्यावर हुशार होतो, हे आमच्या ग्रुपमध्ये शास्त्रीय पुराव्यासह सांगता येईल. धन्यवाद वही!!

ताकभात

वही, काय सुंदर सांगितलंत! लेकीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, 'मग मी वर्गात झोपत नाही म्हणजे मी हुशार'. आता मार्क कमी पडले की हे ऐकवणार, वकिलीण आहे.

सावध झाला हे तर डोक्यातच नव्हतं आलं. शुभमंगल सावधान ऐकून रामदास स्वामी जे उठून पळाले ते दोन्ही अर्थांनी सावध झाले म्हणायचे.

मराठी_बाणा_कायम

एवढं कौतुक चाललंय पण शब्द परकाच निघाला की. तरतरी आहे, उभारी आहे, टवटवी आहे, आपले शब्द काय कमी आहेत? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना?

जुनी_वही

बाणा, राज्यव्यवहारकोश कारभारातल्या फारसी शब्दांसाठी होता, मुगाच्या कढणासाठी नाही. आणि परका म्हणाल तर तुमच्या आवडीचा 'बाणा कायम' यातलं कायम कुठून आलं ते एकदा बघा. अरबी आहे.

गंमत म्हणून सांगतो. फारसी-मराठी कोश १९२५ साली ज्यांनी केला ते माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, गझल मराठीत रुजवणारे. आणि पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीच्या बाजूचे झाले. म्हणजे फारसी शब्द मोजून, लावून ठेवायचे त्यांनीच, आणि नको म्हणायचंही त्यांनीच. त्यांना तो अधिकार होता. आपण दोघं चहा पिऊन भांडतोय (चहा चिनी).

मराठी_बाणा_कायम

कायमचं लागलं जरा. आयडी बदलायचा ऑप्शन कुठे आहे?

बेळगावकरीण

अय्यो, हा धागा आधी कसा दिसला नाही मला! कन्नडमध्ये हा शब्द रोजच्या वापरात आहे. 'नंगे हुषारिल्ल' म्हणजे मला बरं नाही. शब्दशः घेतलं तर 'मला हुशार नाही'. आणि 'हुषारागिरी' म्हणजे जपून राहा. ऑफिसला दांडी मारायची असेल तर बेंगळुरात अख्ख्या शहराचा मेसेज एकच, हुषारिल्ल. तिथे तब्येतीचा अर्थ पुढे आहे, अकलेचा मागे.

आमच्या घरात तर दोन्ही भाषांची खिचडी, आई सर्रास म्हणते 'आज मला हुशार नाही, तूच भाकऱ्या कर'. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना म्हटलं, 'मला आज हुशार नाही वाटत'. त्यांनी माझ्या डिग्रीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'अगं असू दे, स्वयंपाक काय शिकता येतो.'

चादरवाला_सोलापूर

बेळगावकरीण, ते सासूबाईंचं जबरदस्त 😂

सोलापुरात आमच्या पेठेत तेलुगू बोलणारी विणकर मंडळी भरपूर, लहानपण त्यांच्यातच गेलं. तेलुगूमध्ये पण हुषारु आहे पण तिथे अर्थ आणखी थोडा सरकलाय. हुषारुगा उन्नाडु म्हणजे गडी जोशात आहे, मजेत आहे. वरातीत नाचणारा हुषारु. म्हणजे एक फारसी शब्द खाली उतरत गेला, हिंदीत सावध आणि चलाख, मराठीत सावध, बुद्धिमान आणि ताजातवाना, कन्नडात ठणठणीत, तेलुगूत उत्साही. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी अक्कल कमी आणि मजा जास्त, असं मी म्हणत नाही, शब्द म्हणतोय.

जुनी_वही

चादरवाला, ताजातवाना लिहिलंत म्हणून आठवलं, तीही फारसी जोडीच. ताजा म्हणजे ताजा, आणि तवाना म्हणजे ताकदवान. आपण तवाना नुसतं लय साधायला लावलेलं शेपूट समजतो, चहाबिहामधल्या बिहासारखं. तसं नाहीये. आणि तवाना एकटा मराठीत कधी फिरताना दिसत नाही, कायम ताजाचं बोट धरून.

बांधावरून

मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुका. शेती आणि सहा जनावरं. भाषेतलं जास्त कळत नाही पण हुशारचा एक वापर सांगतो जो इथं कुणी सांगितला नाही.

जनावराला आम्ही हुशार झालं म्हणतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संकरित गाय, तिसरं वेत, रात्री व्याली, वासरू चांगलं झालं, सकाळी बघतो तर गाय बसलेली आणि उठायला तयार नाही. मान वळवून कुशीला टेकवलेली, कान हात लावला तर गार, डोळे अर्धे मिटलेले. समोर पेंड ठेवली तर हुंगली पण नाही. वडील म्हणाले, गाय गेली आता. मी डॉक्टरांना फोन केला, ते येईपर्यंत पाऊण तास लागला, तो पाऊण तास कसा गेला ते मलाच ठाऊक. आल्या आल्या कान बघितले आणि म्हणाले दुधाचा ताप. नावाला ताप पण अंग गार पडतं. चीक एकदम उतरतो, रक्तातलं कॅल्शियम सगळं दुधात जातं आणि गायीत उभं राहायचं त्राणच उरत नाही. त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, हळूहळू सोडायची म्हणाले, घाई केली तर हृदयावर येतं, एक हात बाटलीला आणि दुसऱ्या हातातली नळी छातीवर ठोके ऐकायला. अर्धी बाटली गेली असंल, गायीच्या अंगावर थरथर सुटली. मग नाकपुडीवर घाम आला, थेंब थेंब. डॉक्टर म्हणाले बघा नाक ओलं झालं. मग शेण टाकलं. आणि बाटली संपून वीस-पंचवीस मिनिटं झाली नसतील, मागचे पाय ताणून उभी राहिली की हो, आणि सरळ वासराकडं.

वडील त्या वेळी एवढंच बोलले, 'झाली बाबा हुशार.'

तिथं अक्कल कुठनं आली? ती काय गणित सोडवायला उठली नव्हती.

ताकभात

बांधावरून, अंगावर काटा आला वाचताना. आता कशी आहे गाय?

बांधावरून

मजेत. पुढच्या वेताला आधीच डॉक्टरांना विचारून खुराक ठरवला होता, परत तसं झालं नाही. फक्त लाथ मारते, पहिल्यापासून.

वायच_थांब

आता हुशारीचा अर्थ काय हे परत कोणी विचारलं तर या गायीची गोष्ट सांगायची. विषय संपला.

कंदील

विषय नाही संपला, थांबा. मला व्याकरणाच्या बाजूने एक दिसतंय.

'तो हुशार आहे' यात तो कर्ता, हुशारी त्याच्या मालकीची. पण 'त्याला हुशारी वाटतेय' यात त्याला. जशी त्याला भूक लागते, त्याला झोप येते, तशी त्याला हुशारी येते. म्हणजे ती त्याची नाहीये, कुठून तरी येते, आणि जाऊ पण शकते. मराठीत शरीराच्या ज्या गोष्टी आपल्या हातात नसतात त्या सगळ्या अशाच 'ला' लावून येतात. त्यामुळे घोटाळा तसा होतच नाही, ताकभातच्या लेकीने वाक्यातला 'ला' ऐकला असता तर... (तुमच्या आजी 'काय रे वाटतेय का' म्हणाल्या, 'तुला' गाळलं त्यांनी, म्हणून पोरगी फसली!)

आणि बाकीचे शब्दसुद्धा कुठलं क्रियापद घेतात ते बघा. तकवा 'असतो' किंवा 'राहत नाही', तकवा आला असं फारसं कोणी म्हणत नाही, तो साठा आहे. उभारी 'मिळते' किंवा माणूस 'धरतो'. हुरूप 'येतो' पण कामाचा, झोपून असलेल्याला हुरूप येऊन उपयोग काय. जोम 'धरतो', जास्त करून रोपटं. तरतरी 'येते', पण तिला आधी आजारी पडावं लागत नाही, दुपारी झोपून उठल्यावर तोंडावर पाणी मारलं तरी येते. हुशारीला मात्र आधी काहीतरी गेलेलं असावं लागतं.

रंकाळ्यावरचा_वारा

+१ पण आमच्या आईची चहाची हुशारी? तिचं काय गेलेलं असायचं रोज सकाळी?

कंदील

झोप.

रंकाळ्यावरचा_वारा

मान्य.

ताकभात

उभारीचं काय मूळ? गुढी उभारतात तेच ना?

जुनी_वही

हो, घर तेच. उभा हा शब्द संस्कृत ऊर्ध्व पासून, मधे प्राकृतात उब्भ. ऊर्ध्व, उब्भ, उभा. उभारी म्हणताना पडलेलं काहीतरी उभं राहतंय हे चित्र त्यात आहेच. बांधावरून यांची गाय खरं तर शब्दशः उभारीच होती, पण गंमत अशी की वडील हुशार म्हणाले, कारण उभारी आपण आता मनालाच जास्त लावतो. 'त्या दोन शब्दांनी मनाला उभारी मिळाली' वगैरे. शरीर उभं राहिलं तर त्याला कोणी उभारी म्हणत नाही.

पेपरवाला_पोऱ्या

आणि पेपरात यातलं काहीच नाही, तिथे फक्त नवसंजीवनी. बंद पडलेल्या कारखान्याला नवसंजीवनी, एसटीला नवसंजीवनी, विहिरीला नवसंजीवनी. मी डेस्कवर अकरा वर्षं काढली, एका पानावर तीन नवसंजीवन्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात, त्यातली एक माझी. संजीवनीने मेलेलं जिवंत होतं हो! लक्ष्मणासाठी डोंगर उचलून आणायला लागला. शुक्राचार्यांची विद्या मिळवायला कचाची राख दारूत मिसळेपर्यंत वेळ आली. आणि आम्ही ती नगरपालिकेच्या बागेतल्या कारंज्याला देऊन मोकळे. बरं संजीवनीच एवढी मोठी, तर 'नव' कशाला? जुनीची मुदत संपली होती का?

निवांत_बसलोय

कारंज्याला हुशारी आली असं छापा की एकदा. मी अंक विकत घेईन.

हर्णैचा_होडीवाला

वर कंदीलने तकवा लिहिलंय त्यावरून. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, घरात मराठी-कोकणीच बोलतो. तकवा शब्दाचा माझा लहानपणापासूनचा गोंधळ आहे. रमजानमध्ये मौलाना सांगतात की रोजा ठेवल्याने तकवा येतो. आणि दुपारी चार वाजता होडीवरून उतरताना माझ्या अंगात अजिबात तकवा नसतो. मी एकदा वडिलांना हे विचारलं पण होतं, त्यांनी आधी डोळे वटारले मग तोंड फिरवून हसले. हे दोन तकवा एकच आहेत का?

जुनी_वही

होडीवाले, या धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न. नाही, दोन वेगळे. दोन्ही अरबी, ऐकायला सारखे, पण धातू निराळे. मौलानांचा तकवा म्हणजे देवाचं भय धरून स्वतःला वाइटापासून राखणं, त्याच्या मुळाशी राखणं, जपणं आहे. अंगातला तकवा मात्र कुव्वतच्या घराण्यातला धरतात, कुव्वत म्हणजे ताकद. मराठीत तीच 'कुवत' झाली. 'तेवढी माझी कुवत नाही' म्हणतो ती.

आणि याच घराण्यातला तिसरा भाऊ शेतकऱ्यांनी ओळखावा. तगाई. मूळ शब्द तकावी, तोही कुव्वतच्याच धातूतला, बळ देणं. दुष्काळात किंवा बैल मेल्यावर शेतकऱ्याला परत उभं राहायला सरकार जी उचल द्यायचं ती. मोगलाईतही होती, मग इंग्रजांनी १८८३ मध्ये जमीनसुधारणेच्या कर्जाचा आणि १८८४ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाचा असे दोन कायदे केले. पहिला विहीर-बांधबंदिस्तीसाठी, दुसरा बी-बियाणं, बैल यांसाठी. कागदावर काहीही नाव असलं तरी गावात ती तगाईच राहिली. म्हणजे आपण धाग्यात जे शोधतोय, गेलेली ताकद परत येणं, त्याची सरकारी योजनाच होती, नावासकट.

बांधावरून

तगाई शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी कायम. बहात्तरच्या दुष्काळातली तगाई. पण त्यांच्या तोंडून त्यात बळ वगैरे कधी ऐकलं नाही, तगाई म्हणलं की पुढचा शब्द वसुली. बळ देणं असा अर्थ आहे हे आज कळलं, आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

मराठी_बाणा_कायम

मी गप्प बसून वाचतोय बरं का. एवढं सगळं अरबी फारसी. तरतरी तरी आपली आहे ना? का ती पण गेली?

जुनी_वही

तरतरी तुमचीच, निश्चिंत राहा. टवटवी, तुकतुकी, चुणचुणीत, टुणटुणीत या खास आपल्या डबल शब्दांच्या पंगतीतली. यांना व्युत्पत्ती विचारू नये, ते आवाजावर आणि नजरेवर चालतात. नाकसुद्धा तरतरीत असतं, आता नाकाला कसली आलीय ताकद, पण सांगितलं की दिसतं. घरी बसून शोधायचं असेल तर मोल्सवर्थचा कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येते. शब्दाशेजारी तो फारसी की अरबी की संस्कृत याची खूण असते. तुम्हाला तर मेजवानीच, दिवसभर खुणा मोजत बसाल.

बांधावरून

तरतरी वरून आमचा शब्द तरारणे. पिकांनी माना टाकल्या म्हणतो ना आपण, पाण्यावाचून सोयाबीनची पानं उलटी होतात, दुपारी शेत पांढरट दिसायला लागतं पानांच्या पाठी दिसल्यामुळं. मग पाऊस झाला की एका रात्रीत पान सरळ होतं, शेंडा वर येतो. पीक तरारलं. बरं झालं नाही म्हणत, हुशार पण म्हणतो कधी कधी पण तरारलं हा शब्द वेगळाच, म्हणताना मान आपोआप वर होते.

सध्या इथं एकोणीस दिवस झाले, पावसाने ओढ दिलीय. माना टाकलेल्याच आहेत. विहिरीला पाणी आहे त्यांनी तुषार लावलेत, आमच्या विहिरीत चार तास मोटर चालेल एवढंच, ते जनावरांना ठेवलंय. बघू.

बेळगावकरीण

पडेल हो. तिकडे हुषार राहा.

नागपुरी_संत्रं

मी पहिल्या पानावर आमच्याकडे नाही म्हणलो होतो ना. काल आईला फोनवर सहज विचारलं. ती म्हणे, 'काहून नाही, तुह्यी आजी म्हणे ना, तूच शहाण्यासारखा कधी बसला नाही तिच्यापाशी.' माझा पहिला प्रतिसाद खोडा कोणीतरी.

ताकभात

संत्रं 😂 राहू दे, खोडू नका.

अपडेट : नवरा सोमवारपासून ऑफिसला जायला लागला. वरच्या आजींना डबा परत द्यायला गेले, रिकामा कसा द्यायचा म्हणून अळिवाचे लाडू घातले त्यात, तर आजी म्हणाल्या लाडू मला कशाला, दात कुठेत. मग स्वतःच एक फोडून खाल्ला. त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला, गायीची गोष्ट दोनदा वाचायला लावली. दुधाचा ताप त्यांना माहीत होता, वाईला माहेरी गोठा होता म्हणे. त्या वेळी बाटली कुठली मिळायला, एक गाय तशीच गेली होती, तिचं नाव अजून लक्षात आहे त्यांच्या. चंद्री.

कंदील

आजींना इथे आयडी काढून द्या.

ताकभात

विचारलं होतं. 'टाइप कोण करणार' म्हणाल्या.

बांधावरून

काल रात्री दीडला सुरू झाला, पहाटेपर्यंत झिमझिम आणि मधे दोन जोराच्या सरी. नाल्याला पाणी नाही आलं पण ओल वीतभर खाली गेलीय, कुदळीने बघितलं. सकाळी साडेसहाला बांधावर गेलो. तरारलंय. फोटो टाकायला रेंज नाही, संध्याकाळी औशाला गेल्यावर टाकतो.